तारेच्या तीन मिलिमीटर अलीकडे

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरात तंबोरा आणि पेटी पहिल्यापासून होती. पियानो आला तो फार उशिरा, मी महाविद्यालयातून निवृत्त झाले त्या वर्षी. तंबोरा आईच्या माहेरचा, मिरजेत घडवलेला. पियानो मात्र कामठीच्या एका वृद्ध दांपत्याकडून घेतला. ते दोघे आपल्या मुलीकडे परगावी कायमचे राहायला निघाले होते आणि इतकी वर्षे सांभाळलेले वाद्य भंगारात जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. भिंतीला लावून ठेवायचा, उभ्या बांध्याचा, लंडनमध्ये बनलेला तो पियानो सहा जणांनी टेम्पोतून उतरवला, तेव्हा आई व्हरांड्यात उभी होती. तिने आयुष्यभर गाणे शिकवले आहे. तिने मला विचारले, "याच्यात मींड निघते का गं?" एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे याच्यात निघत नाही, असे मी सांगितले. "मग लावलेला सूर धरून तरी ठेवता येतो का?" तेही येत नाही, पियानोचा सूर जन्मतो त्या क्षणापासून विझू लागतो. आई पुढे काही बोलली नाही. माणसांना पाणी देऊन ती आत गेली.

तिच्या त्या दोन प्रश्नांमुळेच मी या वाद्याच्या पोटात शिरले. मी ३५ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, ताणलेल्या तारेची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली. पण तार वाजते म्हणजे नेमके काय काय घडते, हे मला पियानोची पुढची फळी काढून आत डोकावल्यावरच कळले. ही फळी दोन खटके फिरवले की हातात येते. मागे हातोड्यांची रांग दिसते, प्रत्येक हातोडीचे डोके दाबून घट्ट केलेल्या पांढऱ्या लोकरीचे, प्रत्येकीच्या मागे लाकडाचे, चामड्याचे आणि फेल्टचे लहान लहान भाग. मधली एखादी पट्टी घ्यावी आणि ती अगदी सावकाश, श्वास रोखून दाबावी. हातोडी तारेकडे झुकू लागते, जवळ जवळ येते, आणि तार सुमारे तीन मिलिमीटरवर उरली असताना बोटाखाली एक बारीकशी गाठ लागल्यासारखी होते. ती गाठ ओलांडली की हातोडी मागे पडते. पट्टी पूर्ण खाली गेलेली असते, पण सूर निघालेला नसतो.

मला हे पहिल्यांदा दिसले तेव्हा पियानो बिघडला आहे, असेच वाटले. पण ८५ पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या आणि प्रत्येकीने हेच केले. ती गाठ म्हणजेच पियानो आहे. बाकी सगळे तिच्याभोवती रचलेले आहे.

आतली घडण अशी. पट्टी ही मधे टेकलेली तरफ आहे. पुढचे टोक खाली गेले की मागचे वर येते आणि एका आडव्या दांड्याला उचलते. त्या दांड्यावर काटकोनात वळलेला एक लहान लाकडी टेकू उभा असतो. तो टेकू हातोडीच्या बुडाला ढकलतो आणि हातोडी तारेकडे निघते. मात्र टेकूचे आडवे पाऊल वाटेत एका लाकडी गुंडीला अडते, त्यामुळे टेकू वळतो आणि हातोडीच्या बुडाखालून निसटतो. इथून पुढे हातोडीला कोणीही ढकलत नाही. गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी ती स्वतःच्या वेगाने उरलेले अंतर कापते, तारेवर आदळते आणि परत फिरते. परतताना तिला एक चामडी लावलेली गादी झेलते, नाहीतर ती उसळून पुन्हा तारेला लागली असती. याच वेळी तारेवर टेकून बसलेला फेल्टचा डँपर बाजूला झालेला असतो, आणि पट्टी सोडताच तो पुन्हा तारेवर येऊन तिला गप्प करतो. पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, तेवढ्या वेळात हातोडी सुमारे ४५ मिलिमीटर धावते आणि तारेला एका सेकंदाच्या काही हजारांश भागापुरतीच शिवते.

आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी मिळते. सतारियाचे बोट सूर निघाल्यानंतरही तारेवर असते, म्हणून तो तार खेचून सुराला हवा तिकडे नेऊ शकतो. पियानोवादकाचा तारेशी संबंध सूर जन्मण्याच्या आधीच तुटतो. त्याच्या हाती उरते ती फक्त हातोडीची गती, आणि पट्टी केव्हा सोडायची हा निर्णय. पियानो शिकवणारे लोक बोटांच्या स्पर्शाविषयी पुष्कळ बोलतात आणि ते खोटे नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे तो सगळा स्पर्श अखेर या दोनच गोष्टींत उतरतो. असे असूनही त्या एका गतीत केवढे सामावलेले आहे! लोकरीचे डोके हळू आदळले तर मऊ राहते आणि सूर गोलसर निघतो; जोरात आदळले तर दाबले जाऊन कठीण होते आणि त्याच तारेतून वरचे स्वर उसळून येतात. म्हणजे पियानोचा आवाज वाढतो तेव्हा त्याचा रंगही बदलतो.

तारेवर आघात करणे ही काही नवी कल्पना नव्हती. काश्मीरचे संतूर आपल्याला ठाऊक आहे. त्याच जातीची, हातातल्या काठ्यांनी वाजवायची वाद्ये युरोपातही पूर्वीपासून होती. संतूरवादकाची कलम तारेला लागते आणि त्याच क्षणी मनगट तिला उचलून घेते. ती तिथेच टेकून राहिली तर सूर गुदमरेल. या मनगटाला विचार करावा लागत नाही, कारण रियाजाने ते शहाणे झालेले असते. आता हेच शहाणपण लाकडाच्या एका पेटीत, एकेका पट्टीमागे, वादकाच्या बोटापासून हातभर अंतरावर बसवायचे आहे, आणि तेही असे की बोट हळू पडले तर आघात हळू व्हावा, जोरात पडले तर जोरात व्हावा. हा प्रश्न ज्याने सोडवला त्याचे नाव बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी.

त्याच्या काळी पट्ट्यांची दोन तंतुवाद्ये प्रचारात होती. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाच्या दांडीचा एक टोकदार तुकडा तार छेडत असे. आवाज लख्ख आणि भरपूर, पण बोट कसेही पडले तरी तितकाच. दुसरे क्लॅव्हिकॉर्ड. त्यात पट्टीच्या टोकाला पितळेची एक उभी पात असे. ती तारेला लागून तिथेच टेकून राही आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत सूर चाले. त्यामुळे पट्टीवरचा दाब किंचित कमीजास्त केला की सूर हलत असे. हे मी आईला सांगितले तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे आंदोलन होतं." होते, पण क्लॅव्हिकॉर्डचा आवाज इतका नाजूक की शेजारच्या खोलीत माणसे बोलू लागली तरी तो बुडावा. एकीकडे आवाज होता पण चढउतार नव्हता, दुसरीकडे चढउतार होता पण आवाज नव्हता, आणि दरबारात गायकाच्या साथीला बसणाऱ्या वादकाला दोन्ही हवे होते.

क्रिस्तोफोरी १६५५ साली पादुआत जन्मला. १६८८ साली तस्कनीचा युवराज फर्दिनांदो दे मेदिची याने त्याला फ्लॉरेन्सला आपल्या पदरी ठेवले. दरबारातली वाद्ये दुरुस्त करणे, सुरात ठेवणे आणि नवी बनवणे हे त्याचे काम. १७०० साली मेदिची घराण्याच्या वाद्यांची जी यादी झाली, तिच्यात क्रिस्तोफोरीने नव्याने शोधलेल्या एका वाद्याची नोंद आहे, आणि ते हळू व मोठा असे दोन्ही आवाज काढते, असे तिथे म्हटले आहे. हळू म्हणजे इटालियनमध्ये पियानो आणि मोठा म्हणजे फोर्ते. पुढे वापरात या जोडनावाचा उत्तरार्ध गळून पडला आणि वाद्याचे नाव नुसते 'हळू' एवढेच राहिले. १५ ते २० टन ताण पोटात धरून बसणाऱ्या वाद्याला हे नाव मिळावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

क्रिस्तोफोरीच्या हातचे तीन पियानो आज शिल्लक आहेत. १७२० सालचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १७२२ सालचा रोममध्ये आणि १७२६ सालचा लाइपझिगमध्ये आहे. मी ते छायाचित्रांत आणि आकृत्यांतच पाहिले आहेत. लाइपझिगच्या पियानोच्या हातोड्यांची डोकी कागदाची गुंडाळी सरसाने घट्ट करून आणि वर चामडे बसवून केलेली आहेत. पट्ट्या चार सप्तकांच्या, एकेका सुराला दोन तारा. आणि निसटणारा टेकू, परतणारी हातोडी झेलण्याची सोय, तार गप्प करणारा डँपर ही तिन्ही अंगे तिथे पूर्ण विचाराने हजर आहेत. सहसा एखाद्या यंत्राचा पहिला नमुना ओबडधोबड असतो आणि पुढचे लोक तो सुधारतात. इथे उलट झाले. नंतरच्या अनेक कारागिरांनी स्वस्त पडावे म्हणून सोपी केलेली यंत्रणा वापरली आणि क्रिस्तोफोरीच्या मूळ कल्पनेकडे परत यायला युरोपला बराच काळ लागला. १७३१ साली तो वारला. खास या वाद्यासाठी लिहिलेल्या पहिल्या रचना, लोदोविको जुस्तिनीच्या १२ सोनाटा, त्याच्या मृत्यूनंतर १७३२ साली फ्लॉरेन्समध्ये छापल्या गेल्या. तो इटलीत नावारूपाला आला नाही, पण शिपिओने माफेई नावाच्या विद्वानाने १७११ साली त्याच्या वाद्याविषयी आकृतीसह एक लेख लिहून ठेवला होता. त्या लेखाचा जर्मन अनुवाद झाला आणि सॅक्सनीत गोटफ्रीड झिल्बरमान पियानो बनवू लागला. योहान सेबास्टियन बाख याने झिल्बरमानचे सुरुवातीचे पियानो वाजवून पाहिले आणि वरचे सूर दुबळे आहेत, पट्ट्या जड आहेत, असे स्पष्ट सांगितले. झिल्बरमानने ते मनावर घेऊन पुष्कळ सुधारणा केल्यावर मात्र त्याने पसंतीही दिली. एका ज्येष्ठ वादकाचे परखड मत आणि ते मनाला लावून घेणारा कारागीर यांची ही गोष्ट मिरजेतल्या एखाद्या तंबोऱ्याच्या कारखान्यातही सहज घडली असती.

पुढची १०० वर्षे ही आवाज वाढवण्याची वर्षे आहेत. मैफल राजवाड्याच्या दिवाणखान्यातून तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांच्या सभागृहात गेली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे तर तारा जाड हव्यात, अधिक ताणलेल्या हव्यात, असे झाले. मोझार्टच्या पियानोला पाच सप्तके होती. लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने १८१७ साली बेथोव्हेनला भेट म्हणून जो पियानो पाठवला त्याला सहा होती, आणि आज ८८ पट्ट्या म्हणजे सात सप्तकांहून थोडा अधिक विस्तार सर्वमान्य आहे. माझ्या जुन्या पियानोत त्यातल्या वरच्या तीन पट्ट्या नाहीत आणि त्यांची उणीव मला कधी भासली नाही. याच काळात, १८२१ साली, सेबास्टियां एरार याने पट्टी अर्धीच वर आली असतानाही हातोडी पुन्हा मारता येईल अशी दुहेरी सुटकेची यंत्रणा काढली. आडव्या ग्रँड पियानोत आजही तीच असते. माझ्या उभ्या पियानोत ती नाही. तोच सूर भराभर वाजवायचा तर पट्टीला जवळजवळ पूर्ण वर येऊ द्यावे लागते, आणि बोटांना ही शिस्त अंगवळणी पडायला मला दोन वर्षे लागली.

ताण वाढत गेला तसा लाकडाचा सांगाडा वाकू लागला. कारागिरांनी आधी लोखंडाच्या पट्ट्या आणि सळया ठोकून पाहिल्या. मग १८२५ साली बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने बिडाची एकसंध ओतीव चौकट बनवून तिचे पेटंट घेतले. त्याच शहरातल्या जोनास चिकरिंगने ती १८४३ साली ग्रँड पियानोसाठी वापरली आणि न्यूयॉर्कच्या स्टाइनवेने १८५९ साली खालच्या सप्तकाच्या तारा वरच्या तारांवरून तिरप्या नेण्याची रचना ग्रँड पियानोत आणली. त्यामुळे कमी जागेत लांब तारा बसल्या. माझ्या पियानोची खालची फळी काढली की सोनेरी रंग दिलेली ही बिडाची चौकट दिसते. एकेका तारेवर सरासरी ७५ किलोचा ताण आणि अशा सुमारे २३० तारा, असा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. बेरीज १७ टनांच्या वर गेली, म्हणजे चार मोठे हत्ती एका दिवाणखान्याच्या भिंतीला टेकून उभे करावेत तेवढी. रात्री घर शांत असते तेव्हाही तो ताण तिथे असतो. पियानोत काहीच हलत नाही, पण आत सगळे एकमेकांना ओढून धरलेले असते.

हत्तींची उपमा मी सहज दिली, पण ते या वाद्यात खरोखरच आहेत. पांढऱ्या पट्टीकडे वाकून, उजेडात नीट पाहिले की तिच्यावर हस्तिदंताचे दोन पातळ तुकडे शेजारी बसवलेले दिसतात, एक रुंद आणि एक अरुंद, आणि त्यांच्या जोडाची केसासारखी रेषा. त्यात बारीक नागमोडी रेघाही असतात. माझ्या पियानोत हे तुकडे उष्ण देशातल्या हवेत सुटू नयेत म्हणून बारीक पितळी खिळ्यांनीही बसवलेले आहेत. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ज्या गावात हे तुकडे कापले जात, त्या गावाचे नावच आयव्हरीटन पडले. पूर्व आफ्रिकेतले दात झांझिबारच्या बंदरातून तिथे पोहोचत. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ साली झाला. आता पट्ट्यांवर प्लास्टिक असते आणि ते पुरेसे चांगले असते. मी दर रविवारी कोरड्या सुती फडक्याने त्या पट्ट्या पुसते आणि प्रत्येक वेळी माझा हात त्या जोडावर थोडा थबकतो.

आता तबलीकडे, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या फळीकडे येते, कारण नागपूरचा खरा संबंध तिच्याशी आहे. पियानोची नुसती तार वाजवली तर जवळजवळ ऐकूच येत नाही. बारीक तार हवेला कापत जाते, हलवत नाही. तंबोऱ्याची तार घोडीवरून तबलीला हलवते आणि आपण ऐकतो ती तबली. पियानोतही तारा लांबलचक वळणदार घोड्यांवर दाबून बसवलेल्या असतात आणि घोड्या एका मोठ्या लाकडी तबलीवर चिकटवलेल्या असतात. ही तबली स्प्रूसची. देवदाराच्याच कुळातले, थंड प्रदेशात सावकाश वाढणारे हे झाड; वर्षाला एक अशी त्याची वर्तुळे फळीवर दाट समांतर रेघा बनून उतरतात. जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीची ही फळी वजनाला हलकी, पण रेघांच्या दिशेने विलक्षण ताठ असते. मागून आडव्या फासळ्या बसवून तिला किंचित फुगीर ठेवतात आणि त्या फुगवट्यावर तारांचा दाब येतो.

हे लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते. पावसाळ्यात ते फुगते, फुगवटा वाढतो, घोडी तारांना वर रेटते आणि सूर चढतात. कोरड्या हवेत आकसते आणि सूर उतरतात. पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा दुपारची हवा इतकी कोरडी असते की धुतलेली चादर गच्चीवर टाकून खाली येईपर्यंत वाळते, आणि तीन महिन्यांनी ऑगस्टमध्ये भिंतींना घाम फुटतो. शिवाय मधे आमचा कूलर असतो. पहिल्या उन्हाळ्यात मी पियानोच्याच खोलीत कूलर सुरू ठेवला. ताट्यांतून येणारी गार, ओली हवा दिवसभर त्याच्यावर येई आणि रात्री कूलर बंद केला की खोली पुन्हा भट्टीसारखी कोरडी होई. आठवड्याभरात पट्ट्या फुगून एकमेकींना घासू लागल्या आणि दाबलेली पट्टी वर येईना. तो धडा घेऊन दुसऱ्या उन्हाळ्यात मी कूलर बंद ठेवला, आणि नेमकी त्या वर्षी महिनाभर मुलाकडे राहायला गेले. घर बंद होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येऊन पट्टी दाबली तेव्हा वरचे सूर पार उतरलेले होते, कारण खुंट्या ज्या लाकडात रुतलेल्या असतात ते आकसून त्यांची पकड ढिली झाली होती; आणि मधल्या सप्तकात सुरासोबत एक बारीक झर्र आवाज येत होता. मागून विजेरी मारली तर तबलीला वीतभर लांबीची चीर गेलेली. मी जमिनीवर बसूनच राहिले.

लकडगंजातले एक वयस्कर मिस्त्री आमच्या घराची दारे-खिडक्या करतात. त्यांना बोलावले. त्यांनी आयुष्यात पियानो उघडलेला नव्हता, पण लाकूड ओळखायला त्यांना नावाची गरज लागत नाही. त्यांनी आधी पियानोच्या सागवानी झाकणावर बोटाच्या पेराने टकटक केली, मग मागे वाकून तबलीवर केली. झाकणाने कोरडा, तुटक आवाज दिला. तबली मात्र खोल, लांब घुमली आणि तिच्यासोबत काही ताराही पुटपुटल्या. ते बराच वेळ तळवा त्या फळीवर ठेवून होते. मग म्हणाले, "ताई, सागवान असं बोलत नाही जी." चीर रेघेरेघेने गेली आहे, फासळ्या सुटलेल्या नाहीत, म्हणून घाबरायचे कारण नाही, हे त्यांनीच सांगितले आणि नंतर आमच्या ट्यूनर काकांनीही तेच सांगितले. मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्या या काकांनी एका मोडीत काढलेल्या पियानोच्या तबलीचा तुकडा कुरिअरने पाठवला. मिस्त्रींनी त्यातून कागदासारखी निमुळती पाचर रंध्याने काढली आणि पाऊस सुरू होण्याच्या आत, चीर पूर्ण उघडी असतानाच, ती सरसाने तिच्यात बसवली. पावसाळ्यात तबली फुगली तशी ती तिथे घट्ट आवळली गेली. झर्र आवाज गेला. आता कूलर शेजारच्या खोलीत असतो, पियानोच्या तळाशी उन्हाळाभर पाण्याचे पसरट भांडे असते आणि भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे मी घड्याळापेक्षा जास्त वेळा पाहते.

ट्यूनर काका पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये येतात आणि पुन्हा फेब्रुवारीत. एका सेकंदाला ४४० कंपनांचा चिमटा, म्हणजे नादकाटा, गुडघ्यावर मारून ते एक सूर लावतात आणि बाकी सगळे केवळ कानाने मोजून. दोन सूर जवळजवळ जुळले की त्यांच्यात एक हेलकावा ऐकू येतो. भौतिकशास्त्रात मी त्याला विस्पंद म्हणून शिकवले. काका तो हेलकावा नाहीसा करत नाहीत, तो ठरलेल्या वेगाने चालू ठेवतात. कारण शुद्ध पंचमांच्या १२ पायऱ्या चढून गेले तर सात सप्तकांवरचा षड्ज चुकतो, अर्ध्या स्वराच्या सुमारे चौथ्या हिश्श्याने पुढे जातो. ही चूक कोणातरी एकावर टाकता येत नाही, म्हणून ती बाराही पंचमांत वाटून द्यायची. "प्रत्येकाने थोडं सोसायचं, ताई," असे काका म्हणतात. पंचमाच्या वाट्याला येणारी तूट कानाला जाणवतही नाही, पण गंधार चांगलाच चढतो, अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने. आईची पेटीविषयीची जुनी तक्रारही हीच आहे, आणि आकाशवाणीने पेटीला तीन दशके दाराबाहेर ठेवले त्यामागे मींडेच्या अभावाबरोबर हेही कारण होते. पियानोचा गंधार ऐकला की आई कपाळाला हात लावते. तिच्या बाजूने माझा कान पूर्णपणे तिच्याशी सहमत आहे. तरीही कोणत्याही पट्टीत गाता यावे म्हणून केलेली ही वाटणी मला अन्यायाची वाटत नाही.

गेल्या ऑक्टोबरात काका काम संपवून चहा घेत होते. आई जपाची माळ घेऊन दारात उभी होती. तिचे वय आता ८२ आहे आणि ती काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज. काकांनी तिला विचारले, "आई, एक गंमत दाखवू का?" तिला खुर्चीवर बसवून त्यांनी तिच्या मधल्या षड्जापासून दोन सप्तके खालची काळी चार दाखवली आणि आवाज न करता, अगदी सावकाश दाबायला सांगितले. आईने पेटीच्या सवयीने ती एकदम दाबली आणि जाड तांब्याच्या वेटोळ्याची तार घणाणली. दुसऱ्यांदा तिने बोट इतके हळू नेले की तिच्या चेहऱ्यावरून मला कळले, ती गाठ लागली. हातोडी मागे पडली. डँपर तेवढा उचललेला राहिला आणि ती एकच तार मोकळी होती.

"आता पट्टी सोडू नका. गंधार लावा. तुमचा."

आईने तो लावला, पियानोच्या गंधाराला बाजूला ठेवून, आपल्या तंबोऱ्याचा. चार-पाच मात्रा धरला आणि थांबली. खोलीत तोच गंधार शिल्लक होता. पियानोतून येत होता, बारीक, पण स्वच्छ, आणि उतरलेलाही नाही की चढलेलाही नाही. आईने माझ्याकडे पाहिले नाही; ती खाली, त्या दाबलेल्या पट्टीकडे पाहत होती. षड्जाच्या त्या लांब तारेच्या पोटात पाचवा हिस्सा म्हणून शुद्ध गंधार असतोच, हे मला सांगायचे होते, पण तिला ते माझ्याकडून कळायची गरज नव्हती.

"हा खर्जातला आहे," ती म्हणाली. "आमच्या तंबोऱ्यात येतो तो."

तिने बोट उचलले. डँपर बसला आणि सूर तुटला. मग तिने माळ पियानोच्या झाकणावर ठेवली, तीच पट्टी पुन्हा तितक्याच सावकाश खाली नेली आणि या वेळी पंचम लावला.